दोन तिकिटांचा खेळ

पोहण्यात 200 मीटर मेडले ही फार दमवणारी शर्यत. पन्नास मीटर लांबीच्या तलावात पहिली फेरी बटरफ्लायची, दुसरी पाठीवरची, तिसरी ब्रेस्टस्ट्रोकची आणि शेवटची फ्रीस्टाइलची. दर वळणावर हात, पाय आणि श्वास यांची बसलेली घडी मोडायची आणि नवी बसवायची. डोळस जलतरणपटूला भिंत जवळ आल्याच्या खुणा मिळत असतात. तळाशी काळी रेघ असते, ती भिंतीच्या दोन मीटर अलीकडे संपते. पाठीवर पोहताना डोक्यावर पताका दिसतात, त्या भिंतीपासून पाच मीटरवर लावलेल्या असतात. ज्याला काहीच दिसत नाही त्याच्यासाठी ना रेघ, ना पताका. शेजारच्या लेनमधली स्पर्धक पुढे आहे की मागे, तेही कळायला मार्ग नाही.

2017 च्या डिसेंबरात मेक्सिको सिटीमध्ये झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत दृष्टिहीन महिलांच्या गटात ही शर्यत कांचनमाला पांडे हिने जिंकली. गाव अमरावती, नोकरी नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय. आणि त्याच वर्षी, जेमतेम पाच महिने आधी, बर्लिनमध्ये हातातले पैसे संपल्यामुळे हीच खेळाडू परक्या लोकांपुढे मदतीसाठी हात पसरत होती. पदकाची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. बर्लिनची बातमीही वाचली, हळहळलो आणि विसरलो. मला या दोन्ही बातम्या एकत्र वाचाव्याशा वाटतात. अपंग खेळाडूचं आयुष्य नेमकं कुठे अडतं, ते त्यातून लख्ख दिसतं.

आधी गटांचं गणित समजून घेऊ, कारण त्यावाचून पॅरा खेळांतलं काहीच कळत नाही. एका हाताने अधू असलेला धावपटू आणि चाकाच्या खुर्चीत बसणारा धावपटू यांची शर्यत लावण्यात अर्थ नाही, म्हणून खेळाडूंची वर्गवारी करतात. पोहण्यात इंग्रजी एस अक्षरापुढे आकडा असतो. 1 ते 10 हे शारीरिक अपंगत्वाचे गट, आकडा जितका लहान तितकी हालचालीवरची मर्यादा मोठी. 11 ते 13 दृष्टिदोषाचे आणि 14 बौद्धिक अक्षमतेचा. ब्रेस्टस्ट्रोकसाठी एसबी आणि मेडलेसाठी एसएम अशी वेगळी अक्षरं लागतात, कारण एकच अपंगत्व प्रत्येक प्रकारात सारखंच आड येत नाही. करमाळ्याच्या सुयश जाधवचं उदाहरण घ्या. शाळकरी वयात विजेचा धक्का बसून त्याचे दोन्ही हात कोपराखाली गेले. तो एस-7 मध्ये पोहतो आणि 2018 च्या जकार्ता आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायचं सुवर्ण आणलं. कांचनमालाचा गट 11.

सरकारी दाखल्यावरची टक्केवारी आणि हा गट यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे गावाकडच्या कितीतरी पालकांना आणि शिक्षकांनाही ठाऊक नसतं. नोकरीच्या किंवा सवलतीच्या कामाला 40 टक्क्यांचा दाखला पुरतो. मैदानावर त्यावरून गट ठरत नाही. तिथे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण करणारे तज्ज्ञ खेळाडूला प्रत्यक्ष तपासतात, हालचाल बघतात, आणि बऱ्याचदा ही तपासणी परदेशातल्या स्पर्धेच्या तोंडावरच होते. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये विनोद कुमार यांनी थाळीफेकीत ब्राँझ मिळवलं होतं. पुन्हा तपासणी झाली, त्या गटात ते बसत नाहीत असा निकाल लागला आणि पदक गेलं. वर्षानुवर्षांची तयारी अशी तपासणीच्या एका खोलीत अडकलेली असते. डोळस किंवा धडधाकट खेळाडूला ही धाकधूक कधीच सोसावी लागत नाही.

एस-11 गटात सगळ्यांना काळे, अपारदर्शक गॉगल लावावे लागतात. थोडाफार उजेड जाणवणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळू नये म्हणून हा नियम. शर्यत संपली की पंच गॉगल तपासून घेतात. पोहणाऱ्याला आपण वळलो केव्हा, संपवलं केव्हा हे कळावं म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो. त्याला टॅपर म्हणतात. त्याच्या हातात लांब काठी असते आणि काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू किंवा फोमचा गोळा बसवलेला. पोहणारी भिंतीजवळ आली की तो वाकून तिच्या डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टोचतो.

वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात टॅपरचं काम कमालीचं नाजूक आहे. काठी एक हात आधी लागली तर पोहणारी भिंतीपर्यंत पोचायच्या आत वळते किंवा भिंत शोधत चाचपडते, आणि वेळ हातची जाते. काठी उशिरा लागली तर बटरफ्लायमध्ये दोन्ही हात जोराने पुढे फेकलेले असतात, ते थेट भिंतीवर आपटतात. पाठीवर पोहताना तर डोकंच पुढे असतं. प्रत्येक प्रकारात भिंतीपासून किती हातांवर टोचायचं ते वेगळं, आणि दमल्यावर हाताची लांबी आखडते म्हणून पहिल्या वळणाचा अंदाज तिसऱ्या वळणाला चालत नाही. हे जमायला एकाच खेळाडूबरोबर महिनोन्महिने काठी धरावी लागते. तालीम दोघांची असते, पदक एकीच्या गळ्यात पडतं.

सरळ रेषेत पोहणं हीही वेगळी विद्या आहे. दृष्टिहीन जलतरणपटू लेनच्या दोरीचा आधार घेतात. दोरीवरच्या प्लॅस्टिकच्या चकत्या दंडाला, मनगटाला घासत राहतात आणि कातडी सोलवटते. सराव जोरात सुरू असेल तर जखम भरायलाही सवड मिळत नाही. नियम बनवणाऱ्यांनी या अडचणींचा बारकाईने विचार केला आहे. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये एरवी दोन्ही हात एकदम भिंतीला लावावे लागतात, पण दृष्टिहीन खेळाडू दोरीला चिकटली असेल आणि त्यामुळे हात मागेपुढे लागले, तर दोरीचा गैरफायदा घेतला नसल्यास ते चालतं. वळल्यावर ती चुकून शेजारच्या लेनमध्ये शिरली आणि ती लेन रिकामी असली, तर तिथेच शर्यत पुरी करता येते. परत यावंच लागलं तर टॅपरने आधी तिचं नाव घेऊन हाक मारायची आणि मग सूचना द्यायची, म्हणजे इतर कुणाचा गोंधळ होत नाही. माणसाकडे नीट बघून केलेले नियम कसे असतात, त्याचा हा नमुना आहे. पाण्यातली व्यवस्था अशी आखीव आहे. घोडं अडतं ते पाण्याबाहेर.

न दिसणाऱ्या मुलीला पोहायला शिकवायचं कसं, इथपासून सुरुवात करावी लागते. इतर मुलं दुसऱ्याचं बघून अर्धं शिकतात. इथे प्रशिक्षकाला पाण्यात उतरावं लागतं, तिचा हात धरून तो फिरवून दाखवावा लागतो, आपला खांदा आणि कोपर तिला चाचपू द्यावा लागतो. ‘असं कर’ म्हणून भागत नाही, ‘कोपर पाण्याच्या वर, अंगठा मांडीला घासून बाहेर’ अशा शब्दांत सांगावं लागतं. एका प्रशिक्षकाकडे पन्नास मुलांची बॅच असेल तर त्याला हे कुठून जमणार?

नागपुरातलं उन्हाळ्यातलं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पारा 45 अंशांच्या पुढे गेला की अंबाझरी मार्गावरच्या नागपूर सुधार प्रन्यासच्या तलावासारख्या ठिकाणी पोरांची झुंबड उडते. बॅचमागून बॅच, शिट्ट्या, आरडाओरडा, काठावरून धबाधब उड्या. यात चूक कुणाचीच नाही. परंतु ज्या मुलीचा सगळा भरवसा कानांवर आणि त्वचेवर आहे तिच्यासाठी हा गलका म्हणजे आंधळेपणावर आणखी एक आंधळेपण. समोरून कोण येतंय कळत नाही, अंगावर कोण उडी मारेल याचा नेम नाही. तिला एक लेन मोकळी लागते, तासभर लागते आणि रोज लागते. भारतात अपंग जलतरणपटू मागे पडतो त्याचं मला दिसणारं पहिलं कारण हेच. पाणी आहे, त्यातली एक लेन त्याच्या नावाची नाही.

शारीरिक अपंगत्व असलेल्या खेळाडूची तऱ्हा वेगळी, अडचण तितकीच. पायऱ्या चढून तलाव गाठायचा, ओल्या फरशीवर कुबडी घसरते. कृत्रिम पाय काढून ठेवायचा तर कुठे? कपडे बदलायची खोली चाकाच्या खुर्चीला अरुंद. मुलगी असेल तर सोबत बाईमाणूस हवं, म्हणजे आईने किंवा बहिणीने आपली कामं टाकून रोज यायचं.

आणि इथेच तो मुद्दा येतो ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं. अपंग खेळाडूचा खर्च एका माणसाचा धरला जातो, पण त्याचा खेळ दोन माणसांचा असतो. दृष्टिहीन धावपटूच्या मनगटाला दोरीने जोडलेला जोडीदार असतो, तो तिच्या वेगाने पळू शकणाराच लागतो. जलतरणपटूला टॅपर लागतो, तोही एक नव्हे, दोन. खुर्चीतल्या गोळाफेकपटूला उचलून फेकीच्या चौकटीत बसवायला माणूस लागतो. प्रवास दोघांचा, जेवण दोघांचं, रजा दोघांची. जिल्हा स्पर्धेपासून जागतिक स्पर्धेपर्यंत हे दुसरं तिकीट कुणी काढायचं हा प्रश्न सुटता सुटत नाही. बहुतेक घरांत तो बाप किंवा भाऊ सोडवतो, आपल्या पगारातून आणि आपल्या रजेतून. खेळाडूची नोकरी पक्की असेल तर थोडं सावरतं. कांचनमालाला नागपुरात संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेची नोकरी होती. झिरो माइलच्या जवळच्या त्या दगडी इमारतीतल्या पगाराने तिच्या पोहण्याला जो आधार दिला असेल, तो कितीतरी प्रशिक्षण योजनांपेक्षा मोलाचा मानतो मी. ज्यांच्याकडे अशी नोकरी नाही, त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचतच नाहीत.

आता बर्लिन. 2017 च्या जुलैत तिथे पॅरा जलतरण स्पर्धा होती. जागतिक स्पर्धेची पात्रता तिथे मिळवायची होती, म्हणून कांचनमाला गेली. सरकारकडून मंजूर झालेले पैसे वेळेवर पोचले नाहीत. हॉटेल, जेवण, शहरातला प्रवास, सगळ्याला रोख हवी. ट्रामने जाताना तिकीट नाही म्हणून दंडही झाला. एका दृष्टिहीन तरुणीच्या बाबतीत त्या दंडाचा अर्थ काय होतो, त्याचा विचार करून बघा. परकी भाषा, न दिसणारं यंत्र, न दिसणारी पाटी, खिशात पैसे नाहीत. शेवटी तिने अनोळखी लोकांकडे मदत मागितली. या दौऱ्यासाठी पाच लाखांचं कर्ज काढावं लागल्याचं तिने नंतर माध्यमांना सांगितलं. अशा अवस्थेत ती तलावात उतरली, रौप्यपदक मिळवलं आणि जागतिक स्पर्धेसाठी पात्र ठरली. त्या वर्षी भारतातून पात्र ठरलेली ती एकमेव महिला होती.

बातमी फुटल्यावर नेमबाज अभिनव बिंद्राने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली, तत्कालीन क्रीडामंत्री विजय गोयल यांना उत्तर द्यावं लागलं. क्रीडा प्राधिकरणाचं म्हणणं, पैसे पॅरालिम्पिक समितीला दिले होते. समितीचं म्हणणं, उशीर प्राधिकरणाकडून झाला. या हातावरून त्या हातावर. एखाद्या धडधाकट खेळाडूवरही अशी वेळ आली तर ती लाजिरवाणीच. पण धडधाकट माणूस पायी चालत जाऊ शकतो, स्वस्त खानावळ शोधू शकतो, पाटी वाचून रस्ता बदलू शकतो. पैसा उशिरा पोचल्याने एकाची गैरसोय होते आणि दुसऱ्याचे हातपायच बांधले जातात. म्हणून अपंग खेळाडूच्या फायलीवरचा उशीर मला नेहमीचा सरकारी उशीर म्हणून सोडून देता येत नाही.

योगायोग असा की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा त्याच वर्षी 19 एप्रिलला देशभर लागू झाला होता. बर्लिनच्या प्रसंगापर्यंत त्याला तीन महिनेही झाले नव्हते. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात 21 झाले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण 3 टक्क्यांवरून 4 वर गेलं. याच कायद्याचं कलम 30 खेळांबद्दल आहे. अपंग व्यक्तींना खेळात प्रत्यक्ष भाग घेता यावा यासाठी सरकारने उपाय करायचे, मैदानं आणि सोयी त्यांच्या गरजेप्रमाणे बदलायच्या, प्रशिक्षणासाठी निधी ठेवायचा, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे तलावावर मोकळी लेन मागणं ही याचना उरलेली नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त अपंग व्यक्तींची नोंद झाली होती, तीही जुन्या व्याख्येने. यांतले किती जण आयुष्यात एकदा तरी तलावात उतरले असतील?

आता मेक्सिको. तिथली स्पर्धा ठरली होती सप्टेंबरच्या अखेरीस. 19 सप्टेंबरला तिथे 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला आणि स्पर्धा डिसेंबरवर गेली. एकदा शिगेला नेलेली तयारी उतरवायची आणि अडीच महिन्यांनी पुन्हा चढवायची, हे कुठल्याही खेळाडूला कठीण. त्यात मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटर उंचावर. नागपूर 310 मीटरच्या आसपास. इतक्या उंचीवर हवा विरळ, दर श्वासात मिळणारा प्राणवायू कमी. मेडलेसारख्या शर्यतीत, जिथे बटरफ्लायनेच अर्धा दम जातो, तिथे ही कमतरता शेवटच्या पन्नास मीटरमध्ये बोकांडी बसते. 1968 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या फ्रान्सिस्को मार्केझ तलावात कांचनमालाने ती शर्यत पुरी केली आणि पहिली आली.

भूकंपानंतर ब्रिटनसह काही देशांनी संघ पाठवले नाहीत, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. त्यावरून पदकाची किंमत कमी करणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. ज्या देशांकडे पैसा, तलाव आणि टॅपर सगळं आहे, त्यांना न जाण्याची निवड करता आली. ज्या मुलीने पात्रतेसाठी कर्ज काढलं, तिला ती निवड परवडणारी नव्हती. ती गेली, आणि जे समोर होते त्यांना हरवलं. शर्यत अशीच जिंकतात.

महाराष्ट्राला या बाबतीत मोठा वारसा आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्याच्या ईएमई विभागात होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. उपचारांचा भाग म्हणून पोहायला लागले आणि 1972 मध्ये हायडलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. तेव्हा पॅरालिम्पिकच्या पदकांच्या शर्यतींत दृष्टिहीनांना जागाच नव्हती, ती 1976 मध्ये टोरांटोत मिळाली. पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 साली. पदकानंतर 46 वर्षांनी. त्यानंतर जलतरणात एकही पॅरालिम्पिक पदक भारताला मिळालेलं नाही. मैदानी खेळांत चित्र झपाट्याने पालटलं. सगळे खेळ मिळून रिओत 4 पदकं होती, टोकियोत 19 आणि 2024 च्या पॅरिसमध्ये 29. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीने तिथे 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य आणलं. भाला आणि गोळा घेऊन मोकळ्या माळावर सराव करता येतो. पोहायला तलाव लागतो, आणि तलावाच्या दाराशी कुणीतरी असतं जे आत सोडायचं की नाही ते ठरवतं. पाण्यात आपण मागे का, याचं बरंचसं उत्तर मला या फरकात दिसतं.

नागपुरात बदलही दिसतो. मेट्रोच्या स्थानकांवर पायाला जाणवणाऱ्या पिवळ्या फरश्या आहेत, लिफ्ट आहेत. झिरो माइल किंवा कस्तुरचंद पार्कला उतरून दृष्टिहीन माणूस फाटकापर्यंत स्वतःचा स्वतः जाऊ शकतो. फाटकाबाहेरचा फूटपाथ मात्र कुठे उखडलेला, कुठे दुचाकींनी भरलेला. घर ते तलाव या प्रवासातला हाच तुकडा दुसरं तिकीट मागतो.

तुम्ही नागपुरातल्या, अमरावतीतल्या किंवा कुठल्याही गावातल्या तलावावर जात असाल, तर व्यवस्थापकाला एवढंच विचारा की इथे अपंग मुलांसाठी रोज एक लेन, एक तास राखून ठेवली आहे का. नसेल तर दहा पालकांच्या सह्यांचा अर्ज द्या आणि त्यात कलम 30 चा उल्लेख करा. पोहता येत असेल आणि संध्याकाळी वेळ मिळत असेल, तर टॅपरचं काम शिकून घ्या. लांब काठी आणि एक जुना टेनिसचा चेंडू, एवढंच सामान त्याला लागतं.